डबा टीव्ही आणि गोजरबाईंचं हसू

मित्रांनो, कोपऱ्यात अंगावर विणलेला रुमाल घेऊन बसलेला मी एक जुना टीव्ही आहे. तुमच्या घरी आता पातळ टीव्ही असेल, कॅलेंडरसारखा भिंतीला टांगलेला. माझं पोट मागे आलेलं आहे. मला उचलायला दोन माणसं लागतात. तुमच्या वयाची मुलं मला ‘डबा’ म्हणतात. म्हणू द्या. मला राग येत नाही. गेली काही वर्षं मी बंदच आहे, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर मिळतो. आज तुम्हाला माझी गोष्ट सांगतो. ती जितकी माझी आहे तितकीच केदारखेड्याच्या गोजरबाईंची आहे.

माझा जन्म कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एक बाई आठवते. तिने माझी काच पुसली, आतला उजेड लावून पाहिला आणि माझ्या पाठीवर ‘तपासला’ अशी चिठ्ठी डकवली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

तिथून मी ट्रकने भोकरदनला आलो. बाजारात गोपीकिशनशेठचं दुकान होतं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलायचे आपल्यासारखंच. त्यांनी मला अगदी पुढे, रस्त्याकडे तोंड करून ठेवलं होतं. तिथे मी एक गोष्ट शिकलो. बातम्या लागल्या की रस्त्यावरचे लोक आपल्या वाटेने निघून जायचे. सिनेमा लागला आणि एखादा देखणा नट किंवा नटी माझ्या काचेवर आली, की तेच लोक उंबऱ्याशी थांबायचे. हातात भाजीची पिशवी, डोक्यावर ऊन, तरी थांबायचे.

“चेहऱ्याचा खेळ हाय सगळा,” शेठ म्हणायचे. “चेहरा चांगला असला की मानूस थांबतं. थांबलं की मंग दुकानात येतं.”

एके दिवशी असंच एक जोडपं थांबलं. पागोटं बांधलेले, कमी बोलणारे भुजंगराव आणि त्यांच्या मागे गोजरबाई. त्या वर्षी त्यांच्या मिरचीला बरा भाव आला होता. माझ्यावर तेव्हा एक नटी गाणं म्हणत होती. गोजरबाईंनी तिला पाहिलं आणि चटकन पदर तोंडावर ओढला. वरचे दोन डोळे तेवढे दिसत राहिले.

“ताई, रंग बघा, रंग,” शेठ म्हणाले.

पदराआडून आवाज आला, “लई देखनी हाय.”

त्या माझ्याबद्दल बोलत नव्हत्या, त्या नटीबद्दल बोलत होत्या. तरी मला बरं वाटलं. त्याच दिवशी मी केदारखेड्याला आलो.

तुम्हाला अँटेना माहीत नसेल. पत्र्यावर एक काठी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या नळ्या. चित्र नीट यावं म्हणून भुजंगराव वर चढून ती काठी फिरवायचे आणि गोजरबाई दारातून ओरडायच्या.

“आलं का?”

“आलं, आलं! थांबा तिथंच... गेलं!”

“थांबलो की मी!”

“मंग हलले कशाला?”

“आगं, मी न्हाई हललो, वारं हललं!”

रविवारी दुपारी चार वाजता सिनेमा लागायचा. शेजारच्या उषाबाई आणि समोरच्या प्रभावती साडेतीनलाच येऊन जागा धरायच्या. उषाबाईंची जीभ तिखट. प्रभावती साध्या, मनात येईल ते बोलून मोकळ्या होणाऱ्या. भुजंगराव उंबऱ्यावर बसायचे. त्यांचं लक्ष माझ्याकडे कमी असायचं.

ते गोजरबाईंकडे बघायचे. त्याचं कारण सांगतो.

गोजरबाईंचे पुढचे दात थोडे बाहेर होते. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “नवरी दातरी हाय.” कोण म्हणालं ते कधीच कळलं नाही. म्हणणारा विसरूनही गेला असेल. पण त्या दिवशी गोजरबाईंचा पदर तोंडावर गेला आणि तिथेच राहिला. बोलताना पदर, जेवताना पदर, हसताना तर दोन पदर. फोटो काढायची वेळ आली की त्या कोणाच्या तरी मागे उभ्या राहायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात भुजंगरावांनी आपल्या बायकोला तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं. हसण्याचा आवाज ऐकला होता. स्वयंपाकघरातून यायचा तो. ते उठून आत जाईपर्यंत पदर वर गेलेला असायचा.

आणि मी घरात आल्यापासून त्यात भर पडली, हे मला कबूल करायला हवं. माझ्यावर दर रविवारी एकाहून एक देखण्या बाया यायच्या. गोजरबाईंना त्या फार आवडायच्या.

“रडताना बी कशी दिसते बघा,” त्या म्हणायच्या. “आपन रडलो की नाक लाल होतं नि शेंबूड येतो.”

“तिला रडायला कामाला ठेवलेलं हाय, आक्का,” उषाबाई म्हणायच्या. “आपन फुकट रडतो.”

सिनेमा संपला की भुजंगराव मला बंद करायचे. बंद झाल्यावर माझी काच आरशासारखी होते. सगळ्या निघून गेल्या की गोजरबाई माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि वरचा ओठ दातांवर ओढून बघायच्या. मला त्यांचा चेहरा अगदी जवळून दिसायचा. आत्ताच गेलेली नटी आणि आत्ता समोर असलेली बाई, दोघी एकाच काचेत. मी कोणाला काय सांगणार? मला बोलता येत होतं ते फक्त दुसऱ्यांचं.

“चांगली दिसती की,” भुजंगराव बाजेवरून म्हणायचे.

“तुमच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला वाटतं.”

अशी बरीच वर्षं गेली. मुलगा कल्याण मोठा झाला, वंदना सून म्हणून आली, नात अर्पिता झाली. अँटेना जाऊन पत्र्यावर डिश आली. मग एका वर्षी, संक्रांतीच्या सुमाराला, माझ्या आत काहीतरी तुटलं. चित्र एकदम आक्रसलं आणि माझ्या काचेच्या मधोमध फक्त एक पांढरी आडवी रेघ उरली. आवाज मात्र खणखणीत.

मला फार लाज वाटली. चित्र न दाखवणारा टीव्ही म्हणजे काय? आता मला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकतील, असं वाटलं.

पण ते दिवस वाळलेल्या मिरचीचे होते. ओसरीवर लाल मिरचीचा ढीग पडलेला. व्यापाऱ्याकडे न्यायच्या आधी एकेक मिरची हातात घेऊन देठ खुडायचे, असं ते काम. त्याला डोळे लागतात, हात लागतात, पण कान मोकळे असतात. कल्याण आणि भुजंगरावांनी मला उचलून ओसरीच्या दाराशी ठेवलं. रविवारी चार वाजता बायका देठ खुडायला बसल्या आणि माझ्या रेघेवर सिनेमा सुरू झाला.

मित्रांनो, चित्र असताना ज्या बायका मान वर करून गप्प बसायच्या, त्या आता बोलायला लागल्या. कोण कसं दिसत असेल, यावर भांडायला लागल्या. गोड आवाजाचा एक माणूस त्यांनी नायक ठरवला, त्याला गोरा रंग आणि उंची देऊन टाकली. शेवटी तोच सावकाराचं घर पेटवणारा निघाला.

“मुडदा बसवला त्याचा,” प्रभावती म्हणाल्या. “मी त्याला आमच्या लेकीसाठी, शालूसाठी बघून ठेवलं व्हतं.”

एक सिनेमा त्या काळात महिन्या-दीड महिन्याला लागायचा. त्याची नायिका सारखी रडत असायची. तिची सगुणा नावाची एक मैत्रीण होती, एसटी स्टँडवर चहाचं हॉटेल चालवणारी. सगुणाचं काम थोडंच होतं, पण ती हसायची. आधी नाकातल्या नाकात, मग दम घेऊन, मग भांडी पडावीत तशी. ते हसणं आलं की ओसरीवर सगळ्यांना हसू यायचं, काही विनोद झालेला नसला तरी.

आणि तेव्हा एक गोष्ट घडली. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईला हात तोंडाला लावता येत नाही. बोटं इतकी तिखट झालेली असतात की डोळ्याला, ओठाला लागली तर आग होते. पदरही धरता येत नाही, कारण तोच पदर पुढे तोंडाला लागणार. सगुणा हसली, गोजरबाईंना हसू आलं, त्यांचा हात सवयीने वर आला आणि अर्ध्यात थांबला. लाल बोटं हवेत तशीच राहिली. आणि गोजरबाई सगळ्यांसमोर तोंड उघडून हसल्या.

उंबऱ्यावर भुजंगराव दोरी वळत बसले होते. त्यांच्या हातातली दोरी उलगडून गेली.

त्यानंतर दर रविवारी ते लवकर येऊन उंबऱ्यावर बसायला लागले.

“सगुना कशी असंल गं दिसायला?” एकदा उषाबाईंनी विषय काढला.

“गोरीपान,” प्रभावती म्हणाल्या. “नाकात मोरनी. डोळे घारे.”

“केस गुडघ्यापर्यंत,” गोजरबाई म्हणाल्या. “एवढं गोड हसनारी बाई देखनीच असनार. अहो, तुमाला कशी वाटून राह्यली ती?”

भुजंगराव म्हणाले, “तुझ्यासारखी.”

बायका खो खो हसल्या. गोजरबाईंचं तोंड पडलं. “चारचौघीत थट्टा करता काय माझी?”

भुजंगरावांना सांगायचं होतं की ते हसण्याबद्दल बोलत होते. स्वयंपाकघरातून ऐकलेलं हसणं आणि सगुणाचं हसणं त्यांना एकच वाटलं होतं. पण ते बोलणारे गृहस्थ नव्हते. शब्द जुळेपर्यंत विषय मिरचीवर गेला होता.

मला दुरुस्तीला न्यायचं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं.

“भाऊ, टीव्ही कवा नेता?” उषाबाई विचारायच्या.

“तो भारत दुरुस्तीवाला गावाला गेलाय.”

पुढच्या आठवड्यात, “पार्ट संभाजीनगरहून यायचाय म्हनला.” त्याच्या पुढच्या आठवड्यात, “एसटीत लई गर्दी व्हती.”

भुजंगराव आयुष्यात एवढं खोटं कधी बोलले नसतील. ते भारतकडे गेलेच नव्हते, हे मला माहीत होतं. मला बरं केलं की माझ्यावर पुन्हा देखण्या बाया येणार आणि पदर पुन्हा वर जाणार, ही त्यांना भीती होती. मला आधी वाईट वाटलं. मग कळलं, की या घरात मी आजारी आहे तोवरच एक माणूस बरं आहे. मग मी माझी रेघ धरून गप्प बसलो.

मे महिना आला. मिरची संपली, ओसरी झाडून निघाली. एके सकाळी गोजरबाई स्वतःच म्हणाल्या, “अहो, मला त्या सगुनाचं तोंड पाह्यचंय. एकदाच. मंग बिघडू द्या पाह्यजे तर.”

उषाबाईंना थापा मारणं सोपं होतं. गोजरबाईंनी आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. भुजंगरावांनी मला गोधडीत गुंडाळलं आणि ॲपेरिक्षात मांडीला टेकवून भोकरदनला नेलं. भारतने माझी पाठ उघडली. आत पालीची दोन अंडी निघाली.

“काका, एवढुसा पार्ट गेल्ता,” भारत म्हणाला. “अर्ध्या तासाचं काम. चार महिने केलं काय तुमी?”

“ऐकलं,” भुजंगराव म्हणाले.

पुढच्याच रविवारी तो सिनेमा लागला. बाहेर झळा होत्या म्हणून दार लोटून घेतलेलं, खिडकीला गोणपाट. खोलीत अंधार आणि त्यात उजेड फक्त माझा. सगळ्या जमल्या होत्या. हातात कोणतंही काम नव्हतं. भुजंगराव उंबऱ्याऐवजी आत, दाराला पाठ लावून बसले होते.

एसटी स्टँड आलं. चहाचं हॉटेल आलं. आणि सगुणा आली.

ती बुटकी होती. सावळी, अंगाने भरलेली, केस आखूड. आणि तिचे पुढचे दात बाहेर होते.

“अगं बया! ही?” प्रभावती ओरडल्या. “दात बघ, दात!”

“आता गं बाई,” उषाबाई म्हणाल्या. “मी काय काय मनात धरलं व्हतं. भाऊ, करा बाबा ती रेघ परत. रेघच बरी व्हती.”

गोजरबाईंचा हात पदराकडे गेला. प्रभावती सगुणाबद्दल बोलल्या होत्या, पण ते कोणाला लागलं ते भुजंगरावांनी पाहिलं. मीही पाहिलं. चित्र दाखवणं एवढंच माझं काम. त्या दिवशी मात्र वाटलं, आत्ताच्या आत्ता पुन्हा बिघडावं.

तेवढ्यात सगुणा हसली. आधी नाकातल्या नाकात. मग दम घेऊन. मग सगळं तोंड उघडून. तिला दातांची काही पडलेली नव्हती. तिचे दात दिसत होते आणि डोळे बारीक झाले होते आणि हातातला चहा हिंदकळत होता. पहिल्यांदा हसू फुटलं ते प्रभावतींनाच. मग उषाबाई पोट धरून हसायला लागल्या. जिचे दात मघाशी मोजले तिच्याबरोबर त्या हसत होत्या आणि दात कुठे गेले ते कोणाच्या लक्षातही नव्हतं.

गोजरबाईंचा पदर हातात होता. हनुवटीपर्यंत आला होता. या वेळी बोटांना तिखट नव्हतं. पदर वर न्यायला त्यांना कशाचीही आडकाठी नव्हती. त्यांनी सगुणाकडे पाहिलं, हात खाली सोडला आणि त्या हसल्या. माझा सगळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मागे वळून म्हणाल्या, “तुमी बराबर म्हनले व्हते. माझ्यासारखी हाय.”

“मी हसन्याचं म्हनलो व्हतो,” भुजंगराव म्हणाले.

“दाताचं म्हनले असते तरी आता चाललं असतं.”

वंदनाचा मोबाइल अर्पिताच्या हातात होता. ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिने तेवढ्यात फोटो काढला होता. “आजी, बघ!”

“पुसून टाक गं,” गोजरबाई म्हणाल्या. मग त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. बराच वेळ बघितलं. “राहू दे,” म्हणाल्या.

मित्रांनो, मी हजारो चेहरे दाखवले आहेत. म्हणून एक खरं सांगतो. देखणा चेहरा आला की डोळ्यांना बरं वाटतं. ते खोटं नाही आणि त्यात वाईटही काही नाही. गोपीकिशनशेठ म्हणायचे तसं, चेहऱ्यासाठी माणूस उंबऱ्याशी थांबतं. पण आत येऊन दोन-अडीच तास बसायला त्याला आणखी काही लागतं. तो नट हसतो कसा, ऐकतो कसा, समोरच्याकडे बघतो कसा. ते आवडलं की मग त्याचा चेहराही आवडायला लागतो, मग तो कसाही असो. सगुणाचं काम करणाऱ्या त्या बाईला पुढे इतर सिनेमांत दोन-दोन मिनिटांची कामं असायची. कुठे भाजीवाली, कुठे सुईण. ती आली की आमच्या खोलीत नायिकेसारखा गलका व्हायचा. “आली, आली!” नायिका आली की अजूनही साडी बघायच्या आणि ब्लाऊजची बाही बघायच्या. तेही चालूच होतं.

गोजरबाईंचा पदर त्यानंतर डोक्यावर असायचा. तोंडावर गेलेला मी पाहिला नाही.

पुढे कल्याणने पातळ टीव्ही आणला आणि मला कोपऱ्यात सरकवलं. गोजरबाईंनी माझ्यासाठी हा रुमाल विणला, धूळ बसू नये म्हणून. दर शनिवारी त्या रुमाल झटकायच्या, काच पुसायच्या. बंद टीव्हीची काच कोण पुसतं? पुसून झाल्यावर त्या काचेत बघायच्या. ओठ ओढायच्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी गोजरबाई गेल्या. पंधरा दिवसांचं आजारपण झालं आणि त्या गेल्या. यावर फार काय सांगणार? घरात माणसं होती, चूल पेटत होती, गुरांना वैरण पडत होती, आणि तरी घर थांबलं होतं. भुजंगराव संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसायचे. माझ्यावर काही चालू नसायचं. माझ्या काचेत पूर्वी दोघं दिसायचे, आता एकटे दिसायचे. मला तेवढंच दाखवता येत होतं. कधी ते डाव्या बाजूला थोडं सरकून बसायचे, कोणाला तरी जागा करून दिल्यासारखे. शनिवारी रुमाल झटकायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. त्यांना ते नीट जमत नाही. ते रुमाल उलटा घालतात.

वर्षश्राद्ध आलं तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आधार कार्डावरचा फोटो म्हणजे गच्च मिटलेलं तोंड. मग वंदनाला अर्पिताने काढलेला तो फोटो आठवला. कल्याणने तो भोकरदनच्या एका स्टुडिओत दिला. चौकट तयार होऊन आली, भिंतीवर चढली, हार पडला.

पाहुण्या बाया म्हणाल्या, “काय सुरेख आलाय! अगदी हिरोईनवानी दिसून राह्यल्या.”

खरंच तशा दिसत होत्या. रंग गोरा झाला होता. अंगावर जांभळी पैठणी होती, जी त्यांच्याकडे कधी नव्हती. मागे बाग होती. आणि ओठ मिटलेले होते. दात गेले होते, हसूही गेलं होतं.

जेवणं झाली. पाहुणे गेल्यावर भुजंगरावांनी विचारलं, “ही कोन हाय?”

“बाबा, आई हाय,” कल्याण म्हणाला. “जरा साफ करून घेतलंय. आता सगळेच करतात.”

“तोंड काहून मिटलं तिचं?”

कल्याण चाचरला. “भिंतीवरचा फोटो हाय, बाबा. लोक येतात-जातात. ते दात...”

“ते तोंड उघडायला पस्तीस वरसं लागली, कल्याण,” भुजंगराव म्हणाले. “तू एका दिवसात मिटवून आनलं.”

कल्याण वाईट मुलगा नाही. आईला चांगलं दिसावं एवढंच त्याच्या मनात होतं. पडद्यावर जे चांगलं म्हणून बघितलं, तेच त्याने आईला देऊ केलं होतं. ते बघायला शिकवणारा मीच होतो.

“मोबाइलमधून परत काढ तो फोटो,” भुजंगराव म्हणाले.

वंदना हळूच सासऱ्यांना म्हणाली, “मामा, तो मोबाइल मागच्याच आठवड्यात बंद पडला. त्याच्याआधी फोटो स्टुडिओवाल्याकडं पाठवला व्हता. आता असला तर त्याच्याकडंच. त्यानं पुसला नसंल तर.”

दुसऱ्या दिवशी भुजंगराव पहिल्या एसटीने गेले. चौकट काखेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तो दिवस मला फार लांब गेला. स्टुडिओवाल्याकडे रोज शंभर फोटो येत असतील. काम झालं की कोण जपून ठेवतो? माझ्या कोपऱ्यातून दार दिसतं. वंदना दहा वेळा दारात येऊन गेली. कल्याणही शेतातून लवकर परतला आणि काही काम नसताना ओसरीवर बसून राहिला.

दिवेलागणीच्या आधी भुजंगराव आले. पायरीवर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं.

“हाय का, बाबा?” कल्याणने विचारलं.

“तो पोरगा म्हनला, काका, सगळे साफ करून मागतात, तुमी पहिलेच उलटं मागून राह्यले. म्हनलं, तिला हसू दे बाबा, बाकी काही करू नको. त्यानं मशीन चालू केलं. एक बघतो, दोन बघतो, दुसऱ्याच कोनाच्या बाया. आन् मंग...”

आणि त्यांनी वर्तमानपत्र सोडलं.

कल्याणने स्वतः खिळा ठोकला. माझ्या बरोबर समोरच्या भिंतीवर. त्याने मला भंगारवाल्याला द्यायचं दोनदा ठरवलं होतं, ते मी ऐकलं होतं. खिळा ठोकून झाल्यावर त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “हा डबा राहू द्या इथंच.” वंदनाने व्हिडिओ कॉलवर अर्पिताला फोटो दाखवला. ती आता संभाजीनगरला शिकते. दुसऱ्या दिवशी काठी टेकत उषाबाई आल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि गालातल्या गालात हसत म्हणाल्या, “काय गं आक्का, कशाला हसून राह्यली? मला बी सांग की.”

भुजंगराव हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

मित्रांनो, तुम्ही सिनेमे बघा. देखणे नट बघा, देखण्या नट्या बघा, मनापासून बघा. पण मधेच एकदा पडद्यावरची नजर काढून शेजारी बसलेल्या माणसाकडेही बघा. ते हसत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि त्यात काहीही दुरुस्त करू नका. आणि घरात माझ्यासारखा एखादा जुना डबा असेल, तर शनिवारी त्याच्यावरची धूळ तेवढी झटका. रुमाल उलटा पडला तरी हरकत नाही.

आता मी दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघतो. फोटोत गोजरबाई तोंड उघडून हसत आहेत. मागे अंधार आहे, खिडकीचं गोणपाट आहे, प्रभावतींचा अर्धा खांदा आहे. मी त्या फोटोत कुठेच नाही. पण त्यांच्या गालावर, डोळ्यांत आणि त्या दोन पुढच्या दातांवर जो उजेड पडला आहे, तो माझा आहे.